घटस्फोटानंतरच्या हक्कसोड पत्रात चूक राहिली असेल तर: दुरुस्तीचा क्रम, मसुदा आणि नोंदणी

घटस्फोटाचा हुकूमनामा होतो, दोघांच्या नावावरील सदनिकेतील आपला हिस्सा एक जण दुसऱ्याला हक्कसोड पत्राने देतो, दस्त नोंदला जातो आणि प्रकरण मिटले असे दोघेही धरून चालतात. पुढे घर विकायला काढले किंवा त्यावर कर्ज मागितले की समोरचा वकील दस्ताच्या परिशिष्टावर बोट ठेवून सांगतो की सदनिकेचा क्रमांक मूळ करारनाम्याशी जुळत नाही. अशा वेळी बहुतेक लोक जे कार्यालय जवळ असेल तेथे धावतात. कोणी सोसायटीत अर्ज देतो, कोणी तलाठ्याकडे जातो, तर कोणी घाबरून नवे हक्कसोड पत्र करून पुन्हा पूर्ण मुद्रांक शुल्क भरतो. या तिन्ही ठिकाणी पैसा आणि वेळ जातो आणि मूळ चूक जागेवरच राहते. दुरुस्तीला एक ठरलेला क्रम आहे आणि तो पाळला नाही तर पुढचा प्रत्येक कागद मागच्या कागदाशी भांडत राहतो. पुढील माहिती महाराष्ट्रातील मिळकतींपुरती आहे.

## १. चूक कोणत्या कागदात पहिल्यांदा आली ते शोधा

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी पुढील कागद एका टेबलावर, तारखेच्या क्रमाने मांडावेत: मूळ खरेदीखत किंवा नोंदलेला करारनामा, घटस्फोटाच्या अर्जाला जोडलेल्या संमतीच्या अटी, हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत, नोंदलेले हक्कसोड पत्र, त्याची सूची क्रमांक २ (इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा नोंदणी कार्यालयाने दिलेला गोषवारा), शेतजमीन किंवा प्लॉट असल्यास सातबारा आणि फेरफार, शहरातील जागा असल्यास मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), आणि सोसायटीचे भागपत्र (शेअर सर्टिफिकेट). घरात ठेवलेल्या झेरॉक्सवर विसंबू नये. दुय्यम निबंधक कार्यालयातून दस्ताची प्रमाणित प्रत आणि सूची क्रमांक २ नव्याने काढावी, कारण घरातील प्रत पुष्कळदा सह्या होण्यापूर्वीच्या मसुद्याची असते.

मग एका कोऱ्या कागदावर उभे रकाने आखून प्रत्येक कागदातील तोच तपशील शेजारी शेजारी लिहावा: मालकांची पूर्ण नावे, सदनिका क्रमांक, मजला, विंग, गट किंवा नगर भूमापन क्रमांक, क्षेत्रफळ आणि त्याचे एकक, हिस्सा, मूळ दस्ताचा नोंदणी क्रमांक व वर्ष, पार्किंग, भागपत्राचा क्रमांक. हे काम कंटाळवाणे आहे, पण चूक कोठे सुरू झाली हे यातूनच दिसते. एका दस्तात मी "६०० चौरस मीटर" असे वाचले होते, तर करारनाम्यात ५५.७४ चौरस मीटर, म्हणजे ६०० चौरस फूट होते. चूक एका शब्दाची होती, पण त्यामुळे कागदावरची सदनिका जवळजवळ अकरा पट मोठी झाली होती.

सूची क्रमांक २ वाचताना चौथा रकाना भूमापन व घरक्रमांकाचा, पाचवा क्षेत्रफळाचा, सातवा लिहून देणाऱ्याच्या नावाचा, आठवा लिहून घेणाऱ्याच्या नावाचा आणि अकरावा अनुक्रमांक, खंड व पृष्ठाचा असतो. या पाच रकान्यांवर आधी नजर टाकावी.

तपासा: दस्त बरोबर आहे आणि सूची क्रमांक २ मध्येच चूक आहे, असे आढळले तर ही माहिती भरतानाची चूक आहे. तिच्यासाठी नवा दस्त लागत नाही. दस्ताची प्रत जोडून दुय्यम निबंधकाकडे सूची दुरुस्तीचा लेखी अर्ज करावा, पोच घ्यावी आणि दुरुस्त सूचीची प्रत हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नये. याउलट दस्तच चुकला असेल तर केवळ सूची बदलून काही साधत नाही.

## २. चूक लेखनाची आहे की व्यवहाराची, हे ठरवा

सर्वांत जास्त गोंधळ येथे होतो. चूक दुरुस्तीपत्र हा मूळ व्यवहार जसाच्या तसा ठेवून त्याचे शब्द दुरुस्त करणारा दस्त आहे. दोघांनी जे ठरवले होते ते कागदावर चुकीचे उतरले असेल, तरच तो चालतो. नावातील स्पेलिंग, पॅन क्रमांकातील अंक, विंग, मजला, चतुःसीमा, मूळ दस्ताचा क्रमांक, एककाची गफलत, टंकलेखनात गळालेला शब्द या सर्व लेखनाच्या चुका आहेत.

मात्र अर्धा हिस्सा सोडायचा ठरला होता, तसा लिहिलाही गेला, आणि आता संपूर्ण हक्क सोडायचा आहे, तर हा नवा व्यवहार आहे. पार्किंग किंवा दुसरी सदनिका मूळ बोलणीत नव्हती आणि आता घालायची आहे, तोही नवा व्यवहार. मोबदल्याची रक्कम बदलणे, लिहून घेणाऱ्याच्या जागी मुलाचे नाव घालणे, हक्कसोड पत्राचे बक्षीसपत्र करणे, यांतील काहीही चूक दुरुस्तीपत्रात बसत नाही. तसा प्रयत्न झाल्यास दस्त पूर्ण शुल्काचा धरला जाऊ शकतो आणि कमी भरलेल्या शुल्कावर महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमानुसार दरमहा २ टक्के दराने दंड लागतो.

घटस्फोटाच्या प्रकरणांत एक चूक वरवर लेखनाची वाटते, पण तशी नसते. हुकूमनामा झाल्यानंतर केलेल्या दस्तात लिहून घेणारीचे वर्णन "माझी पत्नी" असे केलेले असते. राहत्या घराचे बक्षीसपत्र पती किंवा पत्नीच्या नावे करताना मुद्रांक शुल्कात मोठी सवलत मिळते, आणि वडिलोपार्जित मिळकतीचे हक्कसोड पत्र जोडीदाराच्या नावे करतानाही मिळते. हुकूमनाम्याच्या तारखेपासून ते दोघे कायद्याने पती-पत्नी राहत नाहीत, त्यामुळे त्या नात्यावर घेतलेली सवलत प्रश्नात येते. येथे "पत्नी" हा शब्द खोडून "पूर्वाश्रमीची पत्नी" लिहिल्याने काम संपत नाही. दस्तावर सही झाल्याची तारीख आणि हुकूमनाम्याची तारीख यांतील आधी कोणती, हे पाहून मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी, म्हणजे दस्तावरील शुल्क अधिकृतपणे ठरवून घेण्यासाठी, अर्ज करावा आणि शुल्क किती लागते ते लेखी मिळवावे. विभागाने पकडण्यापूर्वी स्वतःहून जाणे केव्हाही बरे.

सावधान: मूळ नोंदलेल्या दस्तावर पेनाने खाडाखोड करणे, पान बदलणे किंवा नोटरीसमोर केलेले प्रतिज्ञापत्र दस्ताला टाचून "दुरुस्ती झाली" असे मानणे, यांपैकी काहीही करू नये. नोंदलेल्या दस्ताची दुरुस्ती नोंदलेल्या दस्तानेच होते.

## ३. हुकूमनाम्यात चूक असेल तर आधी न्यायालय

संमतीच्या अटींतच गट क्रमांक चुकला आणि वकिलाने तेथूनच हक्कसोड पत्रात उतरवला, असे वारंवार घडते. मग नुसते हक्कसोड पत्र दुरुस्त केल्यास ते हुकूमनाम्याच्या विरोधात जाते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५२ नुसार हुकूमनाम्यातील लेखनाची, हिशेबाची किंवा अनवधानाने राहिलेली चूक न्यायालय केव्हाही दुरुस्त करू शकते. ज्या कौटुंबिक न्यायालयाने हुकूमनामा दिला, तेथेच हा अर्ज करावा. मूळ करारनामा व सूची क्रमांक २ च्या प्रती जोडाव्यात आणि दुसऱ्या पक्षाची "हरकत नाही" अशी पुरसिस (न्यायालयात द्यायचे लेखी निवेदन) मिळत असेल तर ती सोबत द्यावी.

या टप्प्यावर आणखी एक गोष्ट पाहावी. "हुकूमनाम्यात घर मला दिले आहे, मग दस्ताची गरज काय?" असे विचारले जाते. नोंदणी अधिनियमाच्या कलम १७ नुसार न्यायालयाच्या हुकूमनाम्याला नोंदणीतून सूट आहे. मात्र तडजोडीने झालेल्या हुकूमनाम्यात, दाव्याचा विषय नसलेली स्थावर मिळकत आली असेल, तर ती सूट लागू होत नाही. परस्पर संमतीच्या घटस्फोटाच्या अर्जाचा मुख्य विषय विवाह असतो. त्यामुळे ती मिळकत अर्जात परिशिष्टासह मागणी म्हणून आली होती की केवळ अटींमध्ये ओघाने उल्लेखली गेली, हे वकिलाकडून नीट तपासून घ्यावे. हक्कसोड पत्रच झालेले नसेल, तर तुमचा प्रश्न दुरुस्तीचा नसून दस्त करण्याचा आहे.

## ४. सही मिळण्याची तयारी

चूक दुरुस्तीपत्रावर मूळ दस्तातील सर्व पक्षकारांच्या सह्या लागतात. एकट्याने केलेली दुरुस्ती दुसऱ्याला बांधील नसते. म्हणजेच ज्या व्यक्तीशी संबंध संपले, तिला पुन्हा दुय्यम निबंधक कार्यालयात शेजारी उभे राहायला सांगावे लागते. ही गोष्ट जड जाते हे मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच ती तयारीचा भाग मानावी. पहिला संपर्क फोनवर भांडणाने न करता छोट्या पत्राने किंवा संदेशाने करावा. चूक काय आहे, दुरुस्तीने त्या व्यक्तीवर कोणतेही नवे दायित्व येत नाही, खर्च कोण करणार आणि किती वेळ लागेल, इतकेच त्यात लिहावे. तयार मसुदा सोबत पाठवावा, म्हणजे त्यांना तो आपल्या वकिलाला दाखवता येतो. जुना हिशेब, पोटगी, मुलांच्या भेटी यांचा विषय या पत्रात आणला की सही लांबते.

त्यानंतर पुढील गोष्टी मार्गी लावाव्यात.

नावे: घटस्फोटानंतर अनेक स्त्रिया माहेरचे नाव पुन्हा लावतात. मग करारनाम्यात सासरचे नाव, आधार कार्डावर माहेरचे आणि पॅनवर तिसरेच असे होते. मसुद्यात दोन्ही नावे "उर्फ" लावून लिहावीत आणि नावबदलाचे राजपत्र असल्यास त्याचा क्रमांक व दिनांक द्यावा. पुढच्या खरेदीदाराला दोन नावांची एकच व्यक्ती आहे, हे दस्तातूनच कळले पाहिजे.

परदेशी असलेला पक्षकार: तेथून कुलमुखत्यारपत्र पाठवावे लागते. ते भारतीय वकिलातीत किंवा तेथील नोटरीसमोर केलेले असावे, भारतात पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे, आणि त्यात "चूक दुरुस्तीपत्रावर सही करणे व कबुली देणे" हा अधिकार स्पष्ट शब्दांत असावा. केवळ "घराची देखभाल" असे लिहिलेले जुने मुखत्यारपत्र चालत नाही.

मृत्यू: दुसरा पक्षकार हयात नसेल तर त्याच्या सर्व वारसांच्या सह्या लागतात. त्यात अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, मूल असेल तर पालकाने परस्पर सही करू नये, आधी वकिलाचा सल्ला घ्यावा. अज्ञानाच्या स्थावर मिळकतीवर परिणाम करणाऱ्या व्यवहाराला न्यायालयाची परवानगी लागते.

बँक: घरावर कर्ज चालू असेल तर बँकेला दुरुस्तीपूर्वी लेखी कळवून ना-हरकत घ्यावी. मूळ दस्त बहुधा बँकेकडेच असतो.

तपासा: हक्कसोड पत्राने मालकी सुटते, कर्ज सुटत नाही. दोघे सहकर्जदार असतील, तर बँकेने लेखी मुक्त करेपर्यंत हप्त्यांची जबाबदारी दोघांवरही राहते. दुरुस्तीच्या निमित्ताने हा प्रश्न बँकेसमोर मांडून घ्यावा.

## ५. चूक दुरुस्तीपत्राचा मसुदा

मसुदा छोटा असावा, पण त्यात मूळ दस्ताची ओळख निर्विवाद असली पाहिजे: दस्ताचा प्रकार, सही झाल्याचा दिनांक, नोंदणीचा दिनांक, दुय्यम निबंधक कार्यालयाचे नाव व क्रमांक, दस्त क्रमांक आणि वर्ष. त्यानंतर हुकूमनाम्याचा अर्ज क्रमांक व दिनांक. मग चूक आणि दुरुस्ती समोरासमोर. उदाहरणार्थ:

"मूळ दस्ताच्या पान क्रमांक ४ वरील मिळकतीच्या परिशिष्टात 'सदनिका क्रमांक १२, पहिला मजला, ए विंग' असे नजरचुकीने लिहिले गेले आहे. त्याऐवजी 'सदनिका क्रमांक १२, पहिला मजला, बी विंग' असे वाचावे. ही दुरुस्ती मूळ दस्ताच्या दिनांकापासून अमलात आहे असे समजावे. या दुरुस्तीखेरीज मूळ दस्तातील सर्व मजकूर, अटी व शर्ती कायम आहेत. या दुरुस्तीपोटी कोणताही मोबदला देण्यात किंवा घेण्यात आलेला नाही."

शेवटचे वाक्य गाळू नये. नवा व्यवहार झालेला नाही हे त्यातूनच दिसते. चूक कशी झाली, हेही एका वाक्यात सांगावे आणि त्याला आधार म्हणून मूळ करारनाम्याची सूची क्रमांक २ जोडावी. चुका एकापेक्षा जास्त असतील तर त्या एकाच दुरुस्तीपत्रात घ्याव्यात. दुरुस्तीपत्राची दुरुस्ती करण्याची वेळ आलेले लोक मी पाहिले आहेत, आणि प्रत्येक वेळी कारण एकच होते: पहिल्या टप्प्यातील तक्ता केला नव्हता.

मिळकतीचे संपूर्ण, दुरुस्त परिशिष्ट शेवटी पुन्हा लिहावे. मसुदा तयार झाल्यावर एकाने मूळ करारनामा मोठ्याने वाचावा आणि दुसऱ्याने मसुद्यावर बोट ठेवून अंक तपासावेत. आकडे डोळ्यांनी वाचताना सुटतात, कानाने सुटत नाहीत.

## ६. मुद्रांक, नोंदणी आणि त्या दिवशी करायची कामे

निव्वळ लेखनाच्या दुरुस्तीला नाममात्र मुद्रांक लागतो. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात अनेक किरकोळ दस्तांवरील १०० व २०० रुपयांचे शुल्क ५०० रुपये झाले आहे, म्हणून जुन्या दस्तावरील रक्कम पाहून चलन भरू नये. त्या दिवशी लागू असलेले शुल्क कार्यालयातून विचारूनच भरावे. दुरुस्तीमुळे क्षेत्रफळ किंवा हिस्सा वाढत असेल, तर वाढीव भागावर फरकाचे शुल्क मागितले जाऊ शकते. एककाच्या चुकीत क्षेत्रफळ घटते, पण म्हणून जादा भरलेले शुल्क आपोआप परत मिळेल असे समजू नये.

मुद्रांक सहीपूर्वी किंवा सहीच्या दिवशी भरलेला असावा. सहीच्या तारखेपासून ४ महिन्यांच्या आत दस्त नोंदणीसाठी सादर करावा लागतो. त्यानंतरच्या ४ महिन्यांत दंड भरून सादर करता येतो, पण त्याची वेळ येऊ देऊ नये. शक्यतो मूळ दस्त जेथे नोंदला गेला त्याच कार्यालयात जावे.

ऑनलाइन माहिती भरताना दस्ताचा प्रकार "चूक दुरुस्तीपत्र" हाच निवडावा आणि मूळ दस्ताचा क्रमांक त्याच्या रकान्यात अचूक भरावा, म्हणजे शोध घेणाऱ्याला दोन्ही दस्त एकमेकांशी जोडलेले दिसतात. सोबत मूळ दस्त किंवा त्याची प्रमाणित प्रत, दोघांचे आधार व पॅन, हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत, चलन आणि ओळख पटवणारे दोन साक्षीदार असावेत. साक्षीदार दोन्ही पक्षकारांना ओळखणारे असावेत. घटस्फोटित दांपत्याच्या बाबतीत एकाच बाजूचे दोन नातेवाईक आणल्याने खिडकीवरच वाद झालेले आहेत.

सावधान: अंगठ्याचे ठसे व छायाचित्र घेण्यापूर्वी कार्यालयात माहितीची तात्पुरती छापील प्रत दाखवतात. ती वाचल्याशिवाय सही करू नये. नवी सूची याच माहितीवरून तयार होते. घाई असली तरी चौथा, पाचवा, सातवा आणि आठवा रकाना स्वतः वाचावा.

## ७. दुसरा पक्ष सही देत नसेल तर

आधी संमतीच्या अटी पुन्हा वाचाव्यात. "हस्तांतरणासाठी लागणारे सर्व दस्त करून देईन" अशा अर्थाचे वाक्य त्यांत असेल, तर हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी दरखास्त दाखल करता येते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम ३४ नुसार, दस्त करून देण्याचा हुकूमनामा असूनही पक्षकार तो करून देत नसेल, तर न्यायालय मसुदा मंजूर करून त्याच्या वतीने दस्त करून देऊ शकते.

असे वाक्य नसेल तर विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम २६ खाली दस्त दुरुस्तीचा दावा करावा लागतो. त्यात दोघांची सामाईक चूक किंवा समोरच्याचे कपट सिद्ध करावे लागते. म्हणून बोलणीच्या काळातील ई-मेल, संदेश आणि संमतीच्या अटींचे मसुदे जपून ठेवावेत, कारण खरा हेतू त्यांतूनच दिसतो. चूक कळल्यापासून ३ वर्षांच्या आत हालचाल करावी. दरम्यान कोणी तिसऱ्याने प्रामाणिकपणे आणि किंमत देऊन त्या मिळकतीत हक्क मिळवला असेल, तर त्याला बाधा येईल अशी दुरुस्ती न्यायालय करत नाही.

## ८. खालच्या नोंदी, वरून खाली

दुरुस्तीपत्राची सूची क्रमांक २ हातात आल्यावरच हा टप्पा सुरू करावा. माझ्यासमोर आलेल्या एका प्रकरणात बाईंनी आधी सोसायटीकडून भागपत्रावर बरोबर विंग लिहून घेतली होती आणि दस्त तसाच ठेवला होता. बँकेने भागपत्र आणि सूची शेजारी ठेवली तेव्हा दोन वेगळ्या सदनिका दिसल्या आणि कर्ज अडले. भागपत्रावर उजव्या कोपऱ्यात, शिक्क्याच्या खाली "बी" हे अक्षर निळ्या शाईने गिरवलेले होते. तेवढ्या एका अक्षरासाठी त्यांना खाडाखोडीचा खुलासा लिहून द्यावा लागला.

जमीन असल्यास तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, दुरुस्तीपत्रावरून फेरफार नोंदवावा. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस असतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. नोटिशीवर पूर्वीच्या जोडीदाराचा सध्याचा पत्ता असावा, नाहीतर नोटीस परत येऊन नोंद रखडते. दस्त बरोबर असूनही सातबाऱ्यात उतरवतानाच चूक झाली असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करावा. शहरातील जागेसाठी हेच काम नगर भूमापन कार्यालयात मिळकत पत्रिकेवर होते.

त्यानंतर सोसायटीला दोन्ही दस्तांच्या प्रती देऊन सभासद नोंदवही आणि भागपत्र यांतील नोंद दुरुस्त करून घ्यावी. बँकेने नोंदणी कार्यालयात गहाणाची नोटीस ऑफ इंटिमेशन (मिळकत गहाण असल्याची सूचना) चुकीच्या क्रमांकाने दाखल केली असेल, तर ती बदलण्याचे पत्र बँकेला द्यावे. मालमत्ता कर आणि वीजबिल शेवटी. हक्कसोड पत्र हुकूमनाम्यानंतरचे असेल, तर आयकरावरील परिणामाबद्दल दोन्ही दस्त सनदी लेखापालांना एकदा दाखवावेत, कारण तेथेही "जोडीदार" या नात्यावर बरेच अवलंबून असते.

शेवटची तपासणी: सर्व नोंदी झाल्यावर महिनाभराने नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरील ई-शोधमध्ये मिळकतीचा क्रमांक टाकून पाहावा. मूळ हक्कसोड पत्र आणि चूक दुरुस्तीपत्र हे दोन्ही दस्त त्याच मिळकतीखाली दिसले पाहिजेत. पहिल्या टप्प्यातील तक्ता पुन्हा काढून त्यात नव्या कागदांचा रकाना वाढवावा आणि सगळ्या रकान्यांत एकच मजकूर असल्याची खात्री झाल्यावर तो तक्ता मूळ करारनाम्याच्या फाइलमध्ये पहिल्या पानावर लावून ठेवावा. पुढच्या खरेदीदाराचा वकील सर्वांत आधी तोच मागेल.